बेसिकमधले व्हेरिएबल आणि डेटा टाइप : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हेरिएबल म्हणजे प्रोग्राममध्ये किंमत ठेवायचा नाव दिलेला डबा, आणि डेटा टाइप म्हणजे त्या डब्यात कोणत्या प्रकारची किंमत मावते ते. ही उत्तरे मुख्यतः क्यूबेसिक डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. १९९१ साली एमएस-डॉस ५.० सोबत आलेले हे बेसिक आजही अनेकांची पहिली प्रोग्रामिंगची भाषा असते आणि त्यातले बहुतेक प्रोग्राम आजच्या संगणकावर क्यूबी६४ मध्ये चालतात. जीडब्ल्यू-बेसिक, बीबीसी बेसिक किंवा व्हिज्युअल बेसिक जिथे वेगळे वागते, तिथे तसे सांगितले आहे. आज्ञा आणि व्हेरिएबलची नावे इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. कीबोर्डवर ती रोमन अक्षरांतच टाइप करायची. क्यूबेसिक देवनागरी नावे स्वीकारत नाही.

व्हेरिएबल जाहीर न करताही प्रोग्राम चालतो. मग जाहीर कशाला करायचे?

चालतो, आणि अडचण तिथेच सुरू होते. क्यूबेसिकला एखादे नाव पहिल्यांदा दिसले की ते त्या नावाचे नवे व्हेरिएबल तयार करते, त्यात ० ठेवते आणि पुढे जाते. नावाच्या शेवटी डॉलरचे चिन्ह असेल, म्हणजे त्यात अक्षरे ठेवायची असतील, तर ० ऐवजी रिकामी स्ट्रिंग (अक्षरांची मालिका) ठेवते. तुम्हाला विचारत नाही, बजावतही नाही.

मराठी माणसाला याचा फटका जरा जास्तच बसतो, कारण आपण मराठी शब्द रोमन अक्षरांत लिहितो आणि त्यांचे स्पेलिंग कुठे ठरलेले नाही. ‘एकूण’ हा शब्द पाहा. दहाव्या ओळीत तुम्ही मधल्या ‘कू’साठी यू हे अक्षर लिहिता आणि चाळिसाव्या ओळीत ओ दोनदा लिहिता. तुमच्या मनात ते एकच नाव आहे, बेसिकसाठी ती दोन व्हेरिएबल झाली. पहिल्यात बेरीज साठत राहते, छापले जाते दुसरे, आणि पडद्यावर शून्य येते. प्रोग्राम तर्काने तपासाल तर काहीच चुकलेले सापडणार नाही. नवशिक्यांचे प्रोग्राम तपासताना मी सर्वांत आधी नावांचे स्पेलिंग बघतो, आणि निम्म्याहून अधिक वेळा तिथेच काम होते.

क्यूबी६४ मध्ये यावर सरळ उपाय आहे. प्रोग्रामच्या पहिल्या ओळीत ‘ऑप्शन _एक्स्प्लिसिट’ लिहा. मधली अंडरस्कोर विसरू नका. मग जाहीर न केलेले नाव दिसले की प्रोग्राम सुरूच होत नाही. व्हिज्युअल बेसिकमध्ये हीच आज्ञा अंडरस्कोरशिवाय लिहितात. मूळ क्यूबेसिकमध्ये ही सोय नाही, तिथे शिस्त आपणच पाळायची.

मग बेसिकने अशी सूट दिलीच का?

ती ज्यांच्यासाठी बनली, त्या विद्यार्थ्यांमुळे. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ या दोन गणिताच्या प्राध्यापकांनी ही भाषा तयार केली आणि १ मे १९६४ रोजी पहाटे तिचे पहिले प्रोग्राम चालले. विज्ञान शाखेबाहेरच्या मुलांनाही संगणक वापरता यावा, हा त्यांचा हेतू होता. त्या काळच्या फोरट्रान या भाषेत पूर्णांक आणि दशांश यांच्यात फरक करावा लागे. आय ते एन या अक्षरांनी सुरू होणारी नावे आपोआप पूर्णांक धरली जात. इतिहास किंवा साहित्य शिकणाऱ्या मुलाला हे सांगत बसण्यापेक्षा केमेनी-कर्ट्झ यांनी ठरवले की संख्या म्हणजे फक्त संख्या.

पहिल्या बेसिकमध्ये नाव म्हणजे एक अक्षर, किंवा एक अक्षर आणि एक अंक. २६ अक्षरे आणि त्यांच्या अंकांसह होणाऱ्या २६० जोड्या मिळून एकूण २८६ नावे. स्ट्रिंग नव्हत्याच, त्या काही वर्षांनी आल्या. वीस-तीस ओळींच्या प्रोग्रामसाठी ही सूट योग्यच होती आणि माझ्या मते तो निर्णय धाडसी आणि चांगला होता. पुढे प्रोग्राम हजार ओळींचे झाले तरी ती सूट तशीच राहिली, त्रास त्याचा होतो.

क्यूबेसिकमध्ये डेटा टाइप किती आणि कशात काय मावते?

पाच.

इंटीजर, चिन्ह %. २ बाइट. −३२,७६८ ते ३२,७६७ पर्यंतचे पूर्णांक.

लाँग, चिन्ह &. ४ बाइट. साधारण उणे २१४ कोटी ते अधिक २१४ कोटी. नेमकी वरची मर्यादा २,१४,७४,८३,६४७.

सिंगल, चिन्ह !. ४ बाइट. दशांश चालतो, पण भरवशाचे अंक सातच्या आसपास.

डबल, चिन्ह #. ८ बाइट. भरवशाचे अंक पंधरा-सोळा.

स्ट्रिंग, चिन्ह $. अक्षरे. क्यूबेसिकमध्ये एका स्ट्रिंगमध्ये ३२,७६७ अक्षरे मावतात, जीडब्ल्यू-बेसिकमध्ये २५५.

चिन्हही लावले नाही आणि डिम (व्हेरिएबल जाहीर करायची आज्ञा) हेही लिहिले नाही, तर व्हेरिएबल सिंगल होते. हे नीट लक्षात ठेवा, खालच्या अर्ध्या प्रश्नांचे मूळ यात आहे. जीडब्ल्यू-बेसिकमध्ये लाँग नाही. क्यूबी६४ मध्ये याशिवाय ६४ बिटांचा पूर्णांकही मिळतो, त्याचे चिन्ह &&.

नावामागे चिन्ह लावावे की डिम लिहावे?

दोन्ही चालते. ‘वय% = १४’ लिहा किंवा आधी ‘डिम वय अ‍ॅज इंटीजर’ आणि मग ‘वय = १४’. मी डिमच्या बाजूने आहे. सगळी व्हेरिएबल वर एका ठिकाणी लिहिली की प्रोग्राम कशाविषयी आहे ते वाचणाऱ्याला पहिल्या दहा ओळींतच कळते. चिन्हांनी ते होत नाही.

चिन्हांची एक खोच आहे. डिम नसेल तर ‘गुण’, ‘गुण%’ आणि ‘गुण$’ ही तीन वेगळी व्हेरिएबल आहेत आणि तिन्ही एकाच प्रोग्राममध्ये सुखाने नांदतात. एका ओळीत टक्क्याचे चिन्ह टाकायचे राहिले की किंमत दुसऱ्याच डब्यात जाते. डिमने ‘गुण’ इंटीजर म्हणून जाहीर केले असेल, तर ‘गुण%’ लिहिले तरी तेच व्हेरिएबल धरले जाते, आणि ‘गुण$’ लिहिले तर क्यूबेसिक ‘डुप्लिकेट डेफिनिशन’ म्हणून अडवते. म्हणजे डिम लिहिल्यावर थोडी राखण आपोआप होते.

डिम हे डायमेन्शनचे छोटे रूप आहे. सुरुवातीला ते फक्त अ‍ॅरेचा आकार सांगण्यासाठी होते (एकाच नावाखाली क्रमांकाने ठेवलेल्या अनेक किमती म्हणजे अ‍ॅरे). साध्या व्हेरिएबलसाठी वापर नंतर आला. त्यामुळे जुनी पुस्तके वाचणाऱ्यांना ‘डिम वय अ‍ॅज इंटीजर’ ही ओळ खटकते. ती बरोबर आहे.

‘डिम अ, ब, क अ‍ॅज इंटीजर’ लिहिले. तिन्ही इंटीजर झाले ना?

नाही. क्यूबेसिकमध्ये फक्त क इंटीजर झाला, अ आणि ब सिंगल राहिले. व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये अ आणि ब व्हेरिएंट होतात, म्हणजे कोणत्याही प्रकारची किंमत घेणारे. व्हीबी डॉट नेटमध्ये मात्र तिन्ही इंटीजर होतात. क्यूबेसिकमध्ये प्रत्येक नावापुढे ‘अ‍ॅज इंटीजर’ लिहा, किंवा प्रत्येकाला स्वतंत्र ओळ द्या.

‘ओव्हरफ्लो’ का येते? माझी संख्या तर फार मोठी नाही.

इंटीजरसाठी ३२,७६७ च्या पुढचे सगळेच मोठे असते. पुण्याचा कुठलाही पिनकोड घ्या, ४११ ने सुरू होणारा सहा अंकी आकडा. तो इंटीजरमध्ये बसत नाही. एका महिन्याचा पगारही बऱ्याचदा बसत नाही.

याहून फसवा प्रकार असा: ‘डिम क्षेत्र अ‍ॅज लाँग’ आणि मग ‘क्षेत्र = २०० * २००’. उत्तर ४०,००० आहे, लाँगमध्ये सहज मावेल, तरी क्यूबेसिक ओव्हरफ्लो म्हणून थांबते. कारण गुणाकार आधी होतो आणि उत्तर क्षेत्रात नंतर जाते. २०० ही छोटी संख्या असल्यामुळे दोन्हीकडे इंटीजर धरला जातो, म्हणून गुणाकारही इंटीजरमध्येच होतो आणि तिथेच फुटतो. डावीकडे लाँग आहे याचा त्या क्षणी उपयोग नसतो. एका संख्येला & लावा, ‘२००& * २००’, की काम झाले. दिवसाचे सेकंद काढताना ‘६० * ६० * २४’ लिहिणारे सगळे कधी ना कधी इथे अडखळतात.

‘फॉर आय% = १ टू ३२७६७’ हेही शेवटच्या फेरीनंतर फुटते, कारण नेक्स्टला आय मध्ये ३२,७६८ ठेवून पाहावे लागते.

क्यूबी६४ वापरणाऱ्यांनी अधिक सावध राहावे. तिथे इंटीजरमध्ये ४०,००० ठेवले तर प्रोग्राम थांबत नाही, व्हेरिएबलमध्ये −२५,५३६ जाते आणि पुढचा हिशेब त्यावर चालू राहतो. थांबणारा प्रोग्राम परवडला, चुकीचे उत्तर ठामपणे छापणारा नाही.

उत्तर १.२३४५६८ई+०७ असे का छापले जाते?

कारण व्हेरिएबल सिंगल आहे आणि सिंगल सातच अंक दाखवते. १,२३,४५,६७८ ही संख्या आठ अंकी, म्हणून ती १.२३४५६८ गुणिले १० चा सातवा घात अशी छापली गेली. तसेच १,२३,४५६.७५ रुपये सिंगलमध्ये ठेवून साध्या प्रिंटने छापले तर १२३४५६.८ दिसतात. पूर्णांक हवा असेल तर लाँग, दशांश हवा असेल तर डबल घ्या.

.१ ठेवले, छापताना .१०००००००१४९०११६१ आले. संगणकात बिघाड आहे का?

नाही. दहातला एक हा भाग द्विमान पद्धतीत नेमका लिहिता येत नाही, जसा तीनातला एक दशमान पद्धतीत .३३३ करत संपतच नाही. मग जवळची संख्या साठवली जाते. सिंगलमधली जवळची संख्या डबलमध्ये ओतली की तिचा खरा चेहरा दिसतो. तुम्ही ‘द# = .१’ लिहिले, उजवीकडचा.१ बेसिकने सिंगल म्हणून वाचला. ‘.१#’ लिहा, म्हणजे पहिल्यापासून डबल राहील.

याच कारणाने ‘फॉर क्ष = ० टू १ स्टेप .१’ या लूपमध्ये शेवटचा १ सुटतो. सिंगलमध्ये .१ दहा वेळा मिळवले की बेरीज १ च्या केसभर पुढे जाते. लूप ० ते १० चालवा आणि आत १० ने भागा. आणि दशांश संख्यांची तुलना ‘=’ ने करू नका.

पैशांच्या हिशेबासाठी कोणता टाइप घ्यावा?

लाँग, आणि रक्कम पैशांत. १२५ रुपये ५० पैसे म्हणजे १२५५०. बेरीज-वजाबाकी नेमकी होते, फक्त छापताना १०० ने भागायचे. या पद्धतीने २ कोटी १४ लाख रुपयांपर्यंतची रक्कम मावते, दुकानाच्या किंवा सोसायटीच्या वहीला ती पुरते. त्यापुढे डबल घ्या आणि तेही पैशांतच ठेवा, कारण पंधरा अंकांपर्यंतचे पूर्णांक डबल अगदी अचूक सांभाळते. व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये करन्सी नावाचा वेगळा टाइप आहे, दशांशानंतर चार स्थळे नेमकी ठेवणारा. तिथे तो वापरावा. सिंगलमध्ये मात्र पैसे कधीच ठेवू नका.

फोन नंबर कशात ठेवायचा? दहा अंकी आकडा लाँगमध्ये बसत नाही.

बसला असता तरी ठेवू नका. फोन नंबर ही संख्या नाही, ती अंकांत लिहिलेली खूण आहे. दोन फोन नंबरांची बेरीज कुणी करत नाही. पिनकोड, आधार क्रमांक, बँक खाते, हजेरीपटाचा क्रमांक, सगळ्यांचे तेच. हे स्ट्रिंगमध्ये ठेवायचे.

मी एकदा पत्त्यांच्या यादीचा प्रोग्राम लिहिला होता आणि एसटीडी कोड संख्या म्हणून ठेवले होते. पुण्याचा ०२० गेला आणि २० परत आला, मुंबईचा ०२२ गेला आणि २२ परत आला. तीनशेच्या वर नोंदी भरून झाल्यावर ते लक्षात आले आणि सगळ्या पुन्हा हाताने दुरुस्त कराव्या लागल्या. तेव्हापासून टाइप ठरवताना मी एकच प्रश्न विचारतो: यावर कधी गणित करणार आहोत का? नसेल तर स्ट्रिंग.

‘टाइप मिसमॅच’ आणि ‘रिडू फ्रॉम स्टार्ट’ यांत फरक काय?

पहिली चूक प्रोग्राम लिहिणाऱ्याची, दुसरी माहिती भरणाऱ्याची. संख्येच्या व्हेरिएबलमध्ये स्ट्रिंग ठेवायला गेलात, किंवा ‘"वय " + १४’ असे जोडायला गेलात, की टाइप मिसमॅच येते. दोन वेगळ्या टाइपच्या व्हेरिएबलची ‘स्वॅप’ने अदलाबदल केली तरी हेच.

इनपुट आज्ञेने संख्या मागितली आणि समोरच्याने अक्षरे टाइप केली, तर बेसिक ‘रिडू फ्रॉम स्टार्ट’ म्हणत पुन्हा विचारते. आपल्याकडे हा संदेश येण्याचे मोठे कारण म्हणजे स्वल्पविराम. लोक सवयीने १,२५,००० असे टाइप करतात. इनपुटसाठी स्वल्पविराम म्हणजे पुढची किंमत सुरू, म्हणून एकाऐवजी तीन किमती आल्यासारखे त्याला वाटते. संदेश वाचून माणूस तीच रक्कम तशीच पुन्हा भरतो.

माझी पद्धत अशी: ‘लाइन इनपुट’ने सगळे स्ट्रिंगमध्ये घ्यायचे, स्वल्पविराम काढून टाकायचे, मग ‘व्हॅल’ने संख्या करायची. स्वल्पविराम न काढता व्हॅल वापरू नका. व्हॅलला "१,२५,०००" दिले तर ते पहिल्या स्वल्पविरामाशी थांबते आणि उत्तर १ देते, चुकीचा संदेशही देत नाही. उलट दिशेने संख्येची स्ट्रिंग ‘एसटीआर$’ करते, फक्त धन संख्येच्या आधी एक मोकळी जागा सोडते. ती ‘एलट्रिम$’ने काढा.

७ भागिले २ चे उत्तर इंटीजर असूनही ३.५ येते. सी मध्ये तर ३ येते.

बेसिकमध्ये ‘/’ नेहमी दशांशासह भागते. नुसता भागाकार हवा असेल तर उलटी तिरकी रेघ ‘\’ वापरा, बाकी हवी असेल तर ‘मॉड’. आणखी एक फरक: दशांश संख्या इंटीजरमध्ये ठेवली तर बेसिक ती पूर्णांकात गोल करते, ३.७ चे ४ होतात. दशांश नुसता तोडायचा असेल तर ‘फिक्स’ वापरा.

नावांचे नियम काय?

सुरुवात अक्षराने, पुढे अक्षरे, अंक किंवा टिंब, कमाल ४० खुणा. क्यूबेसिकमध्ये अंडरस्कोर चालत नाही. लहान-मोठ्या लिपीचा फरक धरला जात नाही. प्रिंट, नेक्स्ट असे बेसिकचे स्वतःचे शब्द नाव म्हणून वापरता येत नाहीत. जुन्या कमोडोर ६४ वरच्या बेसिकमध्ये लांब नाव लिहिता येई, पण ओळखली जात फक्त पहिली दोन अक्षरे.

‘डिम गुण(१०)’ म्हणजे दहा गुण ना?

अकरा. ० ते १०. वर्गात साठ मुले असतील तर ‘डिम गुण(१ टू ६०) अ‍ॅज इंटीजर’ असे लिहा. हजेरी क्रमांक आणि अ‍ॅरेचा क्रमांक जुळतात आणि डोक्याला ताण राहत नाही. डिम न लिहिता अ‍ॅरे वापरला तर १० पर्यंत चालतो आणि अकराव्याला ‘सबस्क्रिप्ट आउट ऑफ रेंज’ येते. म्हणून दहा मुलांवर तपासलेला प्रोग्राम खऱ्या वर्गावर कोसळतो.

मुख्य प्रोग्राममधली किंमत सबमध्ये गेल्यावर शून्य का होते?

सब म्हणजे प्रोग्रामचा नाव देऊन वेगळा लिहिलेला भाग. सबमधले ‘एकूण’ हे त्या सबचे स्वतःचे व्हेरिएबल असते, मुख्य प्रोग्राममधल्या ‘एकूण’शी त्याचा संबंध नसतो. किंमत कंसातून पाठवा. अगदी सगळीकडे लागणारी गोष्ट असेल तरच ‘डिम शेअर्ड’ वापरा. सब पुन्हा बोलावल्यावर आधीची किंमत तशीच हवी असेल तर ‘स्टॅटिक’.

खरे-खोटे साठवायला टाइप नाही का?

क्यूबेसिकमध्ये नाही. इंटीजर घ्या. तुलनेचे उत्तर खरे असेल तर −१ आणि खोटे असेल तर ० मिळते. खरेसाठी १ ठेवू नका, कारण ‘नॉट १’ म्हणजे −२, आणि शून्य नसलेले सगळे खरेच धरले जाते. वर ‘कॉन्स्ट खरे = −१’ लिहून ठेवलेले बरे.

जुन्या प्रोग्रामच्या सुरुवातीला ‘डेफइंट ए-झेड’ असते. ते काढावे का?

त्याचा अर्थ, चिन्ह नसलेले प्रत्येक व्हेरिएबल इंटीजर. गणिती को-प्रोसेसर नसलेल्या त्या काळच्या संगणकांवर दशांशाचे गणित फार संथ चाले, म्हणून ही ओळ लिहीत. ती नुसती काढलीत तर सगळी व्हेरिएबल सिंगल होतील आणि जिथे गोल होणे गृहीत धरले होते तिथे उत्तरे बदलतील. त्यात नवे काही भरत असाल तर उलटी काळजी घ्या: ‘सरासरी’ डिमशिवाय लिहिलीत तर ६७.४ चे मुकाट्याने ६७ होतील.

बीबीसी बेसिकचे जुने प्रोग्राम वेगळेच. १९८४ साली सुरू झालेल्या क्लास या सरकारी उपक्रमातून भारतातल्या शाळांत बीबीसी मायक्रो हे संगणक आले, त्यामुळे त्या काळी शिकलेल्या काहींकडे असे प्रोग्राम अजून असतील. तिथला इंटीजर ३२ बिटांचा, म्हणजे क्यूबेसिकच्या लाँगएवढा. शिवाय ए% ते झेड% या व्हेरिएबलमधल्या किमती रन दिल्यावरही पुसल्या जात नाहीत. तो प्रोग्राम क्यूबेसिकमध्ये आणताना सगळे इंटीजर लाँग करा आणि ए% ते झेड% यांना सुरुवातीची किंमत हाताने द्या.

क्यूबेसिकचा प्रोग्राम व्हीबी डॉट नेटमध्ये नेताना टाइप तेच ठेवायचे का?

नावे तीच आहेत, मापे बदलली आहेत. क्यूबेसिकचा इंटीजर १६ बिटांचा, व्हीबी डॉट नेटचा ३२ बिटांचा. लाँग ३२ वरून ६४ वर गेला. नुसत्या हिशेबाला यामुळे धक्का लागत नाही, उलट जागा वाढते. पण क्यूबेसिकने लिहिलेली नोंदींची फाइल वाचायची असेल तर प्रत्येक बाइट जुळायला हवा. तिथे क्यूबेसिकच्या इंटीजरसाठी शॉर्ट आणि लाँगसाठी इंटीजर घ्या. ‘स्ट्रिंग * २०’ अशी ठरावीक लांबीची स्ट्रिंग असेल तर २० बाइट मोजून वाचा आणि मागच्या मोकळ्या जागा काढून टाका. सिंगल आणि डबल आहेत तसे चालतात.